तिचं ते गाणं

स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी उभं राहून माणसाने काय काय करावं याला काही मर्यादा आहेत. भांडी घासावीत, भाजी धुवावी, फार तर खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण काय करतंय ते बघावं. मापसाहेब मात्र एका मंगळवारी सकाळी तिथे उभे राहून, हातात रिकामा कप धरून, डोळे मिटून "हूं हूं हूंऽऽ" असा आवाज काढत होते. चुकून आपल्याकडे आलेला त्यांचा पेपर द्यायला शेजारचा डेंटिस्ट उघड्या दारातून आत आला होता. तो धंद्याला साजेसं बोलला.

"काका, दाढ दुखतेय का? वरची की खालची?"

मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर बिल्डिंगने ते त्यांना बहाल केलं होतं. या एकतीस वर्षांत त्यांनी इतके तराजू आणि इतकी वजनं तपासली, की निवृत्त झाल्यावरही दुधाची पिशवी हातात घेतली की त्यांच्या भुवया आपोआप वर जात. आपल्या कानाचाही त्यांना फार अभिमान होता. पितळी वजन दुकानाच्या फळीवर नुसतं टेकवलं, तरी ते आतून भरीव आहे की कोरलेलं, हे ते आवाजावरून सांगत. असा कान खात्यात दुसरा नाही, असं त्यांचे वरिष्ठ म्हणत. आता वरिष्ठ ते म्हणत म्हणजे झालंच, कारण वरिष्ठ सहसा चांगलं काही म्हणत नाहीत.

तर या कानाला गेले आठ महिने एक आवाज ऐकू येत नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. छत्तीस वर्षं ती रोज सकाळी याच सिंकपाशी उभी राहून गुणगुणायची. मोठ्याने नाही, नळाच्या आवाजात निम्मं वाहून जाईल इतकंच. मापसाहेब आत टेबलाशी पेपर वाचत आणि अधूनमधून म्हणत, "झालं का तुझं ते गाणं? चहा आण." ती हसायची आणि चहा आणायची. एवढाच त्यांच्या घरातला संगीताचा व्यवहार. त्या मंगळवारी मात्र पेपर आला नव्हता, घर नको इतकं शांत होतं, आणि मापसाहेबांना ते गाणं ऐकावंसं वाटलं. ओठांवर आणायला गेले तर सुरुवातीचं एवढंसं आलं आणि पुढचं येईना. हे गाणं कुठलं, हे आपण तिला कधी विचारलंच नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. छत्तीस वर्षांत विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

ते रडणाऱ्यातले नव्हते. हॉस्पिटलमध्ये ती शेवटच्या दिवसांत होती तेव्हा तिथला वजनकाटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतो, अशी त्यांनी नर्सकडे लेखी तक्रार केली होती. कॉटवरून ती म्हणाली होती, "अहो, राहू दे ना. तेवढीच मी जास्त." त्यांना दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून ते काटा तपासत होते. आताही त्यांनी तसंच केलं. गाणं शोधून काढायचं ठरवलं. दोन दिवसांचं काम, असा त्यांचा अंदाज होता.

मुलीला फोन करून विचारणं सगळ्यात सोपं होतं. पण "बाबा, तुम्हाला आईचं गाणं माहीत नाही?" असं ती म्हणाली असती, आणि त्यावर निरीक्षकाने काय जबाब द्यायचा? मेव्हणीला विचारणं तर त्याहून अवघड. मेव्हणीसमोर मान खाली घालायची वेळ शत्रूवरही येऊ नये. म्हणून त्यांनी हातात पेपर घेऊन उभ्या असलेल्या डेंटिस्टलाच धरलं.

"दाढबिढ काही नाही. हे गाणं कुठलं सांग." आणि त्यांनी पुन्हा हूं हूं केलं.

डेंटिस्टचा चेहरा एकदम मऊ झाला. "काका! हे तर आमच्या कॉलेजच्या वेळचं सिनेमातलं गाणं! सेकंड इयर!" मग त्या वर्षी एक मुलगी त्याच्या पुढच्या बाकावर बसायची, तिने लग्न मात्र दात सरळ करणाऱ्या डॉक्टरशी केलं, हा सगळा इतिहास त्याने अर्धा तास सांगितला आणि शेवटी मोबाइलवर गाणं लावलं. मापसाहेबांनी लक्ष देऊन ऐकलं. त्यांना ते तसंच वाटलं. म्हणजे असेलही, नसेलही.

पण खात्याचा नियम असा की एका साक्षीवर शिक्का मारायचा नाही. म्हणून ते वरच्या मजल्यावरच्या गायनशिक्षिका बाईंकडे गेले. बाईंनी पहिलं हूं संपायच्या आत हात वर केला.

"थांबा. तिसऱ्या ठिकाणी तुम्ही घसरताय. सूर लावा."

"मला सूर लावायचा नाहीये हो. मला गाणं ओळखून हवंय."

"सुराशिवाय गाणं ओळखू येत नाही. बसा."

मापसाहेब बसले. तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी बाईंनी ही एक जुनी शास्त्रीय बंदिश असल्याचं जाहीर केलं. डेंटिस्टचं मत कानावर घातल्यावर त्यांचा चेहरा कुणीतरी दुधात मीठ घातल्यासारखा झाला. "सिनेमातलं? वहिनींच्या गळ्यात? माझी शिकवणी चालू असली की जिन्यात उभ्या राहून ऐकायच्या त्या. दातवाल्याला काय कळतंय?"

हे शेवटचं वाक्य जिन्यातून खाली पोचायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून डेंटिस्ट आणि बाई एकमेकांकडे पाठ करून लिफ्टमध्ये उभे राहू लागले.

माणसांचं हे एक गंमतशीर आहे. एखाद्याला वांगं आवडत नाही म्हटलं तर आपण म्हणतो, नसेल आवडत, त्याला भेंडी वाढा. पण आपल्याला आवडणारं गाणं एखाद्याला आवडत नाही म्हटलं, की त्याच्या घराण्यात, शिक्षणात आणि मेंदूत काहीतरी खोट आहे असं वाटायला लागतं. मापसाहेबांना आजवर याचा अनुभव नव्हता, कारण त्यांना वांगं आवडत नसे आणि गाणी सगळीच सारखी वाटत.

तळमजल्यावर पोलीस बँडमधून निवृत्त झालेले हवालदार राहत. बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवत. त्यांनी हूं हूं ऐकलं आणि ते ताडकन उभे राहिले.

"साहेब, हे कूच आहे! संचलनाचं! उभं राहून म्हणा. बसून म्हटलं की मरतं ते."

"माझी बायको भांडी घासताना कूच म्हणायची?"

"का नाही? भांडी घासायलाही ताल लागतो. चला, डावा पाय!"

आणि एकतीस वर्षं ज्यांना बघून बाजारपेठेतले व्यापारी उभे राहत होते, ते मापसाहेब तळमजल्याच्या व्हरांड्यात डावा-उजवा करत, हूं हूं करत, चार फेऱ्या मारून आले. पाचव्या फेरीला पोस्टमन आला. त्याने पत्र न देता त्यांना वाट करून दिली.

आता मापसाहेबांना कामाला शिस्त लावणं भाग होतं. त्यांनी छापील फॉर्म तयार केला. वर लिहिलं, 'धून ओळख : साक्षीदाराचा जबाब.' खाली रकाने केले. धून कोणती वाटते? प्रथम कुठे ऐकली? शेवटचा रकाना त्यांनी केवळ कुतूहलापोटी टाकला होता : ही धून आपल्याला का आवडते? बाकीचे रकाने लोकांनी कोरे ठेवले आणि शेवटचा भरून मागे लिहिलं. डेंटिस्टने पुरवणी जोडली. हवालदारांनी लिहिलं, 'पाय आपोआप उचलतात.' गायनशिक्षिका बाईंनी लिहिलं, 'कारण ती बरोबर आहे.' एवढ्या जबाबांत गाण्याविषयी कुणी काहीच लिहिलेलं नाही, जो तो आपल्याचविषयी लिहितोय, हे मापसाहेबांच्या लक्षात आलं. असले जबाब खात्यात त्यांनी फेटाळून लावले असते.

कुणीतरी सुचवलं, शहरात रेडिओ केंद्र आहे, तिथे जुन्या गाण्यांचा मोठा संग्रह आहे, तिथे जा. मापसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, फॉर्मची फाइल घेऊन गेले. संग्रहाच्या खिडकीमागे एक कारकून बसला होता.

"गाण्याचं नाव?"

"तेच तर हवंय."

"नावाशिवाय गाणं शोधता येत नाही."

"नाव माहीत असतं तर मी आलो असतो का?"

"नाव माहीत असणारेच येतात इथे," कारकून शांतपणे म्हणाला. "गायक? साल? तबकडीचा नंबर? नाही? मग अनोळखी ध्वनीचा अर्ज करा. सोबत ध्वनीची प्रत जोडा."

"ध्वनी माझ्या डोक्यात आहे."

"मग त्याची प्रत जोडा."

या आवाजात, अगदी याच शांतपणे, आपण किती दुकानदारांना परत पाठवलं असेल, याचा हिशेब मापसाहेब मनात करू लागले आणि अर्ध्यावर सोडून त्यांनी अर्ज भरला. पंधरा दिवसांनी त्यांना तीन सदस्यांच्या समितीपुढे बोलावण्यात आलं. लांब टेबलापलीकडे तिघं, अलीकडे मापसाहेब एकटे, आणि कोपऱ्यात टिपण घेणारी एक बाई.

"गुणगुणा," अध्यक्ष म्हणाले.

मापसाहेब गुणगुणले. टिपण घेणाऱ्या बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'अर्जदार : हूं हूं हूं.' मग त्यांनी मान वर करून विचारलं, "शेवटचं हूं दीर्घ का?" समितीत तीन मतं पडली. अध्यक्षांना ती अंगाई वाटली, कारण त्यांची आई लहानपणी गेली होती. दुसऱ्यांना एका नाटकातलं पद वाटलं, कारण त्या नाटकात त्यांनी काम केलं होतं. तिसऱ्या सदस्य बाईंनी हे गाणंच नसून एका जुन्या साबणाच्या जाहिरातीची धून आहे असं ठाम सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी ठराव झाला, की अर्जदाराचं गुणगुणणं दुपारच्या कार्यक्रमात श्रोत्यांना ऐकवावं आणि त्यांचं मत मागवावं.

मापसाहेबांनी तो कार्यक्रम घरी एकट्याने ऐकला. आपला आवाज रेडिओवर ऐकून त्यांना वाटलं, कोण बिचारा आजारी माणूस आहे हा. निवेदिका म्हणाली, "आपल्या दिवंगत पत्नीच्या गाण्याच्या शोधात निघालेल्या या आजोबांना मदत करा." आजोबा हा शब्द त्यांना दिवंगतपेक्षाही लागला.

आठवडाभरात केंद्राने त्यांना यादी पाठवली. बिल्डिंगमधले तिघं धरून एकशे त्रेचाळीस लोकांनी फोन केले होते, आणि समितीची तीन मतं मिळवून वेगवेगळी एकसष्ट गाणी झाली होती. प्रत्येकाला आपलंच उत्तर बरोबर असल्याची खात्री होती. एका श्रोत्याने तर इतरांची उत्तरं कळवावीत म्हणजे त्यांना समज देता येईल, असंही म्हटलं होतं.

यादी टेबलावर ठेवून मापसाहेब सिंकपाशी गेले. यातलं कुठलं ते ताडून बघायचं, तर मूळ एकदा नीट म्हणून बघू, असं त्यांनी ठरवलं. नळ सोडला, डोळे मिटले. ओठांवर डेंटिस्टचं गाणं आलं. ते बाजूला सारलं तर बाईंचा दुरुस्त केलेला सूर आला. तो ढकलला तर पाय डावा-उजवा करायला लागले. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मंगळवारी जे एवढंसं आलं होतं, तेही आता येईना.

पितळी वजन हाताळून हाताळून झिजतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दर ठरावीक मुदतीने ते खात्यातल्या मूळ वजनाशी ताडून बघायचं असतं. हे वजन त्यांनी अख्ख्या गावाच्या हातांतून फिरवलं होतं, आणि मूळ वजन नऊ महिन्यांपूर्वीच गेलं होतं. नळ तसाच सोडून ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा रडले. पाण्याचा आवाज चालू होता म्हणून शेजारी ऐकू गेलं नाही.

फोन बराच वेळ वाजत होता. उचलला तर मेव्हणी.

"भावोजी, रेडिओवर तुम्ही होतात का? मला शेजारणीने सांगितलं. मी म्हटलं, छे, आमचे भावोजी आणि गाणं!"

मापसाहेबांनी सरळ कबुली दिली. आता मानही खाली घालायला शिल्लक नव्हती. "तिचं ते गाणं शोधत होतो. सापडलं नाही. होतं तेही गेलं."

"कुठलं ते गाणं?"

"सिंकपाशी म्हणायची ते. रोजचं."

मेव्हणी हळू आवाजात म्हणाली, "भावोजी, ते एक गाणं नव्हतं हो."

"म्हणजे?"

"ताई रोज वेगळं म्हणायची. एका चहात तीन-तीन गाणी व्हायची तिची. तुम्ही ऑफिसला गेलात की रेडिओ लावायची, ती तुम्ही यायच्या आत बंद करायची. शेकडो गाणी पाठ होती तिची. तुम्हाला सगळं एकच वाटायचं. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा म्हणालात ना, तुझं ते गाणं झालं का म्हणून, तेव्हा मला पत्र लिहिलं होतं तिने. रडली होती. पुढे मग तिला त्याची गंमत वाटायला लागली. मुद्दाम एकदम वेगळं काहीतरी म्हणायची आणि बघायची तुम्हाला कळतंय का."

"आणि मला?"

"तुम्ही म्हणायचात, झालं का तुझं ते गाणं."

मापसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पोकळ वजन आवाजावरून ओळखणारा खात्यातला एकमेव कान, त्याला छत्तीस वर्षांत एवढं कळलं नव्हतं. ती तिकडे शेकडो गाणी म्हणत होती, बघत होती, वाट बघत होती, आणि ते चहा मागत होते. मग त्यांची नजर टेबलावर गेली.

"तुला वेळ आहे का?" ते म्हणाले. "माझ्याकडे एक यादी आहे. मी नावं वाचतो. यातलं ती काय म्हणायची ते सांग."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि वाचायला सुरुवात केली. डेंटिस्टचं सिनेमातलं गाणं? "हो तर! इस्त्री करताना." बंदिश? "जेवढी जिन्यात ऐकू आली तेवढी." कूच? "भावोजी, पाहुणे गेल्यावर घर आवरताना तेच म्हणायची." बरोबरच्या खुणा पडत गेल्या. अंगाईवर पडली, साबणाच्या जाहिरातीवरही पडली. काही गाणी मेव्हणीने ऐकलेलीच नव्हती. तिथे मापसाहेबांनी प्रश्नचिन्ह केलं. ते आता कुणाला विचारून पुसता येणार नव्हतं.

"एकोणचाळीस नंबर," त्यांनी नाव वाचलं.

"शी! ते लागलं की ताई हातातलं काम टाकून रेडिओ बंद करायला पळायची. डोक्यात जायचं तिच्या."

मापसाहेबांची पेन्सिल थांबली. "का?"

"आता का ते काय सांगू? नाही आवडायचं."

तिला वांगं चालायचं, हे त्यांना माहीत होतं. तिच्या चपलेचं माप, चष्म्याचा नंबर, दर महिन्याचं वजन, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. तिला एखादी गोष्ट डोक्यात जाण्याइतकी नावडते, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही, ही बातमी त्यांना अगदी नवी होती. ती जाऊन नऊ महिने झाल्यावर तिच्याविषयी नवीन काहीतरी कळलं होतं. त्यांनी एकोणचाळीसपुढे नीट, रेखीव फुली मारली.

पुढच्या रविवारी दुपारी मुलीने घरच्या लँडलाइनवर फोन केला तेव्हा मागे गाणं वाजत होतं. डेंटिस्टने येऊन ते मोबाइलवर कसं लावायचं ते दाखवून दिलं होतं.

"बाबा? घरात गाणं? कोण आलंय?"

"कोणी नाही. मीच ऐकतोय."

"तुम्ही? कुठलं ऐकताय?"

"एकोणचाळीस नंबरचं. सकाळपासून सहाव्यांदा. हे तुझ्या आईला अजिबात आवडायचं नाही."

"मग कशाला ऐकताय?"

मापसाहेबांनी कान मोबाइलजवळ नेला. गाणं संपत आलं होतं. त्यांना ते अजूनही बाकीच्या साठ गाण्यांसारखंच वाटत होतं.

"का आवडायचं नाही," ते म्हणाले, "ते कळतंय का बघतोय."